गोचीड भिंतीत, आरोप कोल्ह्यावर

गेल्या पावसाळ्यात नवी मुंबईत, सीवूड्समधल्या आमच्या गल्लीत महिनाभरात चार पाळीव कुत्री पाठोपाठ आजारी पडली. अंगात सणसणून ताप, खाणं सुटलेलं, हिरड्या पांढऱ्याफटक, एकाची लघवी तर कोऱ्या कॉफीच्या रंगाची. चौघांचं निदान एकच, गोचीड ताप. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी युरोपातल्या कोल्ह्यांवरचा लेख टाकला. तिथल्या रानकोल्ह्यांच्या रक्तात गोचिडीतून येणारे परजीवी मोठ्या प्रमाणावर सापडतात आणि तेच कुत्र्यांना आजारी पाडतात, असं त्यात होतं. झालं! पाम बीच रोडच्या पलीकडे खारफुटीत कोल्हे आहेतच, रात्री त्यांची कोल्हेकुई आमच्या गॅलरीत ऐकू येते. दुसऱ्या दिवशी ‘कोल्हे पकडून न्या’ अशा अर्जावर सह्या गोळा व्हायला लागल्या. एक गट म्हणाला, कोल्ह्यांचं नंतर बघू, आधी गेटवरची भटकी कुत्री उचला. रोज संध्याकाळी भात-चिकन घेऊन निघणारा तिसरा गट म्हणाला, मुक्या जनावरांच्या जिवावर उठायला तुम्हाला निमित्तच हवं असतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. हा आजार गोचिडीचा आहे आणि भांडण चाललंय जनावरांवरून. कोल्हे पकडून किंवा कुत्री उचलून तो थांबणार नाही. वाढण्याचीच शक्यता जास्त. थांबवायचा असेल तर रस्त्यावरचं कुत्रं त्याच्याच जागी ठेवून त्याच्या अंगावर गोचीड जगणार नाही अशी तजवीज करावी लागेल, आणि आपल्या इमारतींच्या भेगा बुजवाव्या लागतील. यात ना कुणाला हाकलल्याचं समाधान आहे, ना कुणाला वाचवल्याचं. म्हणूनच बहुधा कुणी त्याबद्दल बोलत नाही.

पहिला घोटाळा नावापासून झाला. त्या लेखातला प्राणी म्हणजे युरोपातला तांबडा फॉक्स. ग्रुपवर भाषांतर झालं ‘कोल्हा’, आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर खारफुटीतला आपला कोल्हा उभा राहिला. तो फॉक्स नाही, तो सोनेरी कोल्हा, म्हणजे इंग्रजीतला जॅकल. फॉक्सला मराठीत स्वतःचा शब्द आहे, खोकड. आपली खोकडं घाटावरच्या कोरड्या माळरानांवर राहतात. ठाणे खाडीच्या चिखलात खेकडे शोधत हिंडणारं जनावर वेगळं. खोकडाच्या रक्तातल्या परजीवीचा पुरावा कोल्ह्याच्या नावावर खपवायचा आणि त्यावर सह्या घ्यायच्या, हे कुठल्या न्यायात बसतं?

पण एवढ्यावर समोरच्याला गप्प बसवलं तर तो माझा अप्रामाणिकपणा होईल. कारण आपल्या कोल्ह्याविरुद्धचा पुरावाही आहे, आणि तो युरोपातला नाही, इथलाच आहे. भारतात आलेल्या इंग्रजांना शिकारीसाठी मायदेशातला फॉक्स मिळेना, तेव्हा ते घोड्यांवरून, हाउंड कुत्र्यांचे तांडे घेऊन कोल्ह्यांच्या मागे लागत. मद्रासच्या अशाच एका शिकारी क्लबच्या हाउंडांच्या रक्तात पॅटन नावाच्या संशोधकाला तांबड्या पेशींत शिरलेला एक बारीक परजीवी दिसला, आणि पुढे तोच त्याला कोल्ह्याच्या रक्तातही सापडला. हे त्यानं १९१० साली प्रसिद्ध केलं. आज जगभर ज्याला बबेसिया गिब्सोनी म्हणतात तो हाच. भारतातल्या कुत्र्यांमध्ये आज नेहमी आढळणाऱ्या रक्तजंतूंपैकी तो एक. म्हणजे ‘कोल्ह्यांमध्ये असलं काही नसतंच’ असं म्हणणारे प्राणिप्रेमी चुकतात. असतं. कोल्हा हा परजीवी अंगात बाळगून धडधाकट हिंडू शकतो, आणि कोल्हा-कुत्र्याची झटापट झाली तर गिब्सोनी चाव्यातूनही पसरू शकतो, गोचिडीशिवाय.

मग कोल्हेच दोषी ठरले ना? इथे थांबून एक प्रश्न विचारावा लागतो, आणि तो कुणीच विचारला नाही. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्याला गोचीड चावली ती आली कुठून?

माझा काळू त्या चौघांपैकी एक. पहिल्या दवाखान्यात रक्त न तपासता तापाचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं, त्यात तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तो उठेना, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे नेला. त्यांनी कानाच्या टोकावरून थेंबभर रक्त घेतलं, काचपट्टीवर पसरलं, रंग दिला, वाळवलं आणि मला मायक्रोस्कोपात बघायला लावलं. फिकट गुलाबी चकत्यांची गर्दी, आणि मधल्याच एखाद्या चकतीत जांभळा ठिपका असलेली नाजूक अंगठी. ‘ही अंगठी म्हणजे बबेसिया,’ डॉक्टर म्हणाले. ‘पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो. म्हणून हिरड्या पांढऱ्या आणि लघवी काळी.’ मग त्यांनी विचारलं, ‘तुमच्या इमारतीत हा बसतो कुठे?’ मी सांगितलं, संध्याकाळी खाली वॉचमन काकांच्या केबिनजवळ. ‘घरी गेलात की त्या केबिनची भिंत बघा.’

बघितली. टॉर्च मारून, खाली वाकून. पत्र्याच्या छपराखाली प्लॅस्टरला गेलेल्या तड्यात, जमिनीपासून माझ्या डोक्याएवढ्या उंचीपर्यंत, तपकिरी दाणे ओळीनं बसलेले. स्विचबोर्डच्या मागे एरंडीच्या बीसारखी टम्म फुगलेली एक करडी मादी, आणि तिच्याखाली अंड्यांचा तपकिरी, चकचकीत गोळा, खसखशीच्या लाडवासारखा. काका म्हणाले, ‘ताई, ही तर बारा महिने असतात. आम्ही झाडूनं पाडतो.’

ही तपकिरी गोचीड कुत्र्याची खास पाहुणी. आयुष्यात तीनदा ती कुत्र्यावर चढते, पोटभर रक्त पिते आणि तीनही वेळा खाली उतरते. कात टाकणं, अंडी घालणं सगळं बाहेर. एक मादी तीन-चार हजारांपर्यंत अंडी घालू शकते. पोटभर प्यायली की तिची ओढ वर चढून एखाद्या फटीत शिरण्याकडे असते, म्हणून ती भिंतीत, चौकटीत, फरशीच्या कडेला सापडते. नवी मुंबईच्या उबदार दमट हवेत सगळं चक्र दोन-तीन महिन्यांत पुरं होतं, आणि कुत्रं मिळालं नाही तर ती महिनोन्‌महिने उपाशी वाट बघते. या जातीला जंगल लागत नाही. सिमेंट आणि कुत्रं एवढं मिळालं की तिचं भागतं.

युरोपातला दाखला इथे लागू पडत नाही तो यामुळे. तिथल्या फॉक्समधला बबेसिया वेगळा आहे. २०१५ मध्ये त्याला बबेसिया व्हल्पिस असं नाव मिळालं. तो पसरवण्याचा संशय ज्या गोचिडींवर आहे त्या रानातल्या आणि बिळांतल्या. तिथे ‘कुत्र्याला रानात मोकळं सोडू नका’ हा सल्ला बरोबर आहे. इथे माझा काळू खारफुटीत कधी गेलाच नाही. तो वॉचमनच्या केबिनपाशी बसला. कोल्ह्याच्या रक्तात १९१० पासून काहीही असो, या भिंतीतल्या गोचिडींची पिढ्यान्‌पिढ्यांची सोय कोल्ह्यानं लावलेली नाही.

आता दुसरा गट. त्यांचा मुद्दा तिघांत सगळ्यात भक्कम आहे, आणि मी तो हलक्यात घेत नाही. गोचिडीला कुत्रं लागतं, आणि बहुतेक भटक्या कुत्र्यांना औषधाचा थेंबही मिळत नाही. त्यांतली कितीतरी वरवर ठणठणीत दिसतात आणि रक्तात परजीवी बाळगून असतात. एकदा आजारातून तगलेलं कुत्रं पुढे दीर्घकाळ वाहक राहू शकतं. शिवाय चावे आहेत, रेबीज आहे, म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्लीतली भटकी कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवायला सांगितलं आणि अकरा दिवसांत तो आदेश बदलून, नसबंदी आणि लसीकरण झालेली कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं. तेव्हापासून प्रत्येक सोसायटीत दोन तट आहेत. कुत्र्यांची भीती वाटणाऱ्याला मी क्रूर म्हणणार नाही.

पण गोचीड तापाचं औषध म्हणून कुत्री उचलणं, हा हिशेबच चुकीचा आहे. उद्या आमच्या गेटवरची सगळी कुत्री गाडीत घालून नेली, तर भिंतीतल्या गोचिडी त्या गाडीत बसून जाणार आहेत का? त्या तिथेच राहतील, उपाशी. आणि त्यांच्यापुढे उरेल संध्याकाळी खाली फिरायला आणलेलं तुमचं लॅब्रेडोर किंवा केबिनमध्ये रात्रभर बसणारा माणूस. कुत्र्याचा बबेसिया माणसाला होत असल्याचं दिसलेलं नाही, ही दिलाशाची गोष्ट. पण हीच गोचीड माणसाला चावते तेव्हा टिक टायफस या तापाचे जंतू देऊ शकते. ‘इंडियन टिक टायफस’ हे नावच आपल्या देशावरून पडलंय.

मुंबईनं हे एकदा भोगलेलं आहे. १८९६ साली प्लेग आला तेव्हा घरं रिकामी केली, कौलं उतरवली, भिंतींना चुना फासला, गटारांत कार्बोलिक ओतलं, माणसं छावण्यांत हलवली. लोकांचे हाल झाले ते झालेच, पण ज्या उंदराच्या पिसवेमुळे रोग पसरत होता तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. उंदीर मेला की त्याच्या अंगावरच्या पिसवा नवं अंग शोधतात, आणि दुसरा उंदीर मिळाला नाही तर ते माणसाचं असतं. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत पिसवेकडे बोट दाखवलं, तरी पुढची काही वर्षं ते कुणी फारसं मनावर घेतलं नाही. मग मुंबईतच ग्लेन लिस्टन आणि प्लेग कमिशनच्या प्रयोगांनी ते पक्कं झालं. पिसू तशीच ठेवून तिचं जनावर काढून घेतलं की ती कुठे जाते, हा धडा याच शहरात शिकला गेला. त्याआधी, १८३२ च्या जूनमध्ये, याच मुंबईत पोलिसांनी भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला होता, कामधंदा बंद पडला होता. जवळपास दोनशे वर्षांनी आपण त्याच जागी त्याच दोन तटांत उभे आहोत, आणि कुत्री कमी झालेली नाहीत.

गोचिडीचा प्रश्न सुटल्याचं उदाहरण बघायचं तर ते अमेरिकेतलं आहे. टेक्सासचे लांब शिंगांचे बैल उत्तरेला हाकत नेले की वाटेवरच्या गावांतली गुरं महिन्या-दीड महिन्यात पटापट मरत, आणि टेक्सासचे बैल मात्र धट्टेकट्टे. मिसूरीचे शेतकरी बंदुका घेऊन वाटा अडवत. कुणी बैलांच्या लाळेला दोष दिला, कुणी शेणाला. गुराखी मात्र म्हणत होते, ही गोचिडीची करणी, आणि शिकलेली माणसं ते हसण्यावारी नेत होती. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि किल्बोर्न या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिलं की गुराखी खरं बोलत होते. बैलाच्या अंगावरून उतरलेली मादी वाटेत अंडी घालते, परजीवी अंड्यातून पिल्लांत उतरतो, आणि ती पिल्लं नंतर आलेल्या गुरावर चढतात. मधला महिना-दीड महिना त्याचा. किड्यामुळे सस्तन प्राण्यात रक्तातला परजीवी पसरतो याचा हा पहिला भरभक्कम पुरावा. रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी सापडला, तो याच्यानंतर चार वर्षांनी, १८९७ साली. टेक्सासच्या बैलांमधला परजीवीसुद्धा बबेसियाच, गुरांचा.

आणि मग त्यांनी काय केलं? १९०६ पासून गावोगावी औषधाचे हौद बांधले आणि गुरांना ठरावीक दिवसांनी त्यात बुडवून काढायला सुरुवात केली. कुरणातल्या गोचिडी वेचणं माणसाला शक्य नव्हतं. ते काम गुरांनी केलं. गोचीड आपणहून गुरावर चढायची आणि मरायची. १९४३ पर्यंत मेक्सिकोच्या सीमेची पट्टी सोडली तर ती गोचीड देशातून संपवली गेली. ज्या जनावरावर आरोप होता तेच सापळा म्हणून उपयोगी पडलं. माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा इथे आहे. आज कुत्र्यांसाठी तोंडावाटे द्यायच्या अशा गोळ्या मिळतात की रक्त प्यायला लागलेली गोचीड मरते; त्यांतली फ्लुरालेनरची गोळी साधारण बारा आठवडे काम करते. गेटवरच्या दहा कुत्र्यांना ती दिली तर तीच दहा कुत्री भिंतीतल्या गोचिडी रोज बाहेर काढून मारतील. त्यांना हाकललं तर हे काम करायला दुसरं कोण आहे?

गोळीच्या मर्यादाही सांगते. तिनं गोचीड चावायची थांबत नाही, चावल्यावर मरते. बबेसिया अंगात सोडायला गोचिडीला साधारण दोन-तीन दिवस चिकटून राहावं लागतं, त्यामुळे तिथे गोळी बऱ्यापैकी वेळेत पोहोचते. एर्लिकिया नावाचा दुसरा जंतू, प्लेटलेट्स खाली आणणारा, त्याच्याआधीही उतरू शकतो. तिसरा, हेपॅटोझून, तर चाव्यातून येतच नाही. कुत्रं अंगावरची गोचीड चावून गिळतं तेव्हा होतो. म्हणून रोज हातानं अंग चाचपून बघणं सुटत नाही. झटके येणाऱ्या कुत्र्याला ती गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. आणि धूर फवारणीची गाडी बोलवा, असं ग्रुपवर दर आठवड्याला कुणी म्हणतं, ती गाडी डासांसाठी आहे. भेगेत बसलेल्या गोचिडीपर्यंत तो धूर पोहोचत नाही. कीटकनाशकाच्या बादल्या ओतल्या तर ते पावसाच्या पाण्याबरोबर गटारात आणि तिथून खाडीत जातं, आणि सायपरमेथ्रिनसारखी औषधं मासे-खेकड्यांना विष आहेत. शेजारी २०१५ साली जाहीर झालेलं, २०२२ पासून जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत असलेलं फ्लेमिंगो अभयारण्य आहे. औषध भेगेत, मोजून, जाणकाराच्या हातून. मग सिमेंट.

तिसऱ्या गटाबद्दल बोलायला मला जड जातं, कारण ती माझी माणसं आहेत. उन्हापावसात कुत्र्यांसाठी धावणारी हीच. तरी विचारते, भूक भागवली, मग गोचीड का नाही काढली? रोज कुत्र्याच्या डोक्यावरून हात फिरतो, तोच हात कानामागे आणि बोटांच्या मध्ये गेला तर? आणि एक गोष्ट आजपासून थांबायला हवी, ती म्हणजे खारफुटीच्या कडेला अन्न टाकणं. तिथे कुत्रं आणि कोल्हा एका ताटावर येतात, भांडतात, चावतात. २०२४ मध्ये चेंबूर-ट्रॉम्बे बाजूच्या कोल्ह्यांत रेबीज आढळला, त्यानंतर तरी यावर वाद नसावा.

आणि आजार फक्त रानातून घरात येतो, हे कुणी ठरवलं? गीरच्या दलखाणिया भागात २०१८ मध्ये वीसहून अधिक सिंह गेले, तेव्हा डिस्टेंपर या कुत्र्यांमध्ये आढळणाऱ्या आजाराच्या विषाणूबरोबर गोचिडीतून येणारे रक्तजंतूही सापडले. आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत १९९४ साली तिथले जवळपास एकतृतीयांश सिंह डिस्टेंपरनं संपले. तो विषाणू आसपासच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांमधून आल्याचं मानलं जातं, आणि दुष्काळामुळे सिंहांच्या रक्तात वाढलेल्या बबेसियानं तो जीवघेणा ठरल्याचं पुढे दिसलं. एरवी निमूट बसलेला परजीवी दुसऱ्या आजाराची जोड मिळताच मारतो. ठाणे खाडीच्या एका अरुंद पट्टीत, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला आपले टॉवर, यांच्यामध्ये अडकलेल्या कोल्ह्यांना आपली कुत्री काय देत असतील, हा प्रश्न अर्जावर सही करणाऱ्यांनी स्वतःला विचारला होता का?

सिंधुदुर्गात २०१६ साली दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला. नावात माकड आहे, म्हणून राग माकडांवर. पण १९५७ पासून, कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात तो सापडल्यापासून, माहीत आहे की तोही गोचिडीचा आजार. माकडं त्यानं माणसांसारखीच मरतात, आणि रानात मेलेलं माकड ही तिथल्या आरोग्य यंत्रणेला पहिली सूचना असते. मेलेल्या कोल्ह्याकडे आपण असं बघतो का? रेबीजची तपासणी होते, ती हवीच. त्याच वेळी रक्ताची एक काचपट्टी, प्लीहेचा एक तुकडा घेतला, तर या खाडीकाठी कुठला परजीवी कुणाकडून कुणाकडे जातोय हे अंदाजानं भांडण्याऐवजी कळेल. नसबंदीसाठी कुत्री उचलून आणतात, काही दिवस ठेवतात, कान कापून खूण करतात आणि परत सोडतात. त्या मुक्कामात गोचिडीची एक गोळी आणि एक काचपट्टी, एवढं ठाणे आणि नवी मुंबईच्या महापालिकांनी ठरवलं तर वेगळी कुत्री पकडावी लागणार नाहीत.

आमच्या सोसायटीत तो अर्ज अजून ग्रुपवर आहे, सह्या एकोणीसवर थांबल्यात. केबिनचं प्लॅस्टर मात्र नवीन झालंय, स्विचबोर्ड काढून मागची फट भरली आहे. काकांच्या आवक-जावक वहीत मागच्या पानावर गल्लीतल्या अकरा कुत्र्यांची नावं आहेत, समोर वजन आणि गोळी दिल्याची तारीख. कोल्ह्यांवर सही करणाऱ्या दोघांनी त्या गोळ्यांचे पैसे दिलेत. पुढची तारीख दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारची आहे, आणि लंगडी नावाची एक कुत्री अजून हाताला लागलेली नाही.